घरची रीत आणि शाळेची रीत

बावन्नांतून सत्तावीस वजा करावयाचे होते. २०१९ सालची ही गोष्ट. आमची नात त्या वर्षीं मराठी शाळेच्या दुसरींत होती. तिनें पांचाच्या डोक्यावर तिरपी रेघ मारून तेथें चार लिहिले, दोनाच्या डोक्यावर बारा लिहिले, आणि ती पुढें सरकणार इतक्यांत आमच्यांतला जुना विद्यार्थी जागा झाला. "अग, ही खाडाखोड कशाला? दोनांतून सात जात नाहींत, बारांतून सात गेले, राहिले पांच, हातचा एक. दोन आणि एक तीन; पांचांतून तीन गेले, राहिले दोन. उत्तर पंचवीस." पोरीनें निमूटपणें आपलें पुसलें आणि आमच्या रीतीनें केलें. दुसऱ्या दिवशीं वही परत आली, तेव्हां उत्तर बरोबर असूनहि गणितावर तांबडी फुली होती. पोर रडकुंडीस आली होती, आणि तिचा प्रश्न अगदीं सरळ होता: "आजोबा, तुमचें बरोबर कीं बाईंचें?"

बरोबर उत्तरावर फुली मारणाऱ्या शाळेचा आम्हांला राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु तो निवळल्यावर आम्हीं स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहिला. वरच्या दोनाला आपण दहा दिले हें खरें. पण त्याची भरपाई म्हणून खालच्या दोनांत एक कां मिळवावयाचा? साठ वर्षांहून अधिक काळ वापरलेली युक्ति. पण तिचें कारण आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हींहि कधीं विचारलें नव्हतें. कागद घेऊन बसलों तेव्हां उलगडा झाला. काका बावन्न वर्षांचे आणि पुतण्या सत्तावीस वर्षांचा असेल, तर आणखी दहा वर्षांनींहि दोघांच्या वयांतलें अंतर तेवढेंच राहणार. आमच्या रीतींत वरच्या संख्येंत दहा सुटे मिळवितात आणि खालच्या संख्येंत एक दशक मिळवितात. दोन्हीकडे दहाच वाढले, म्हणून वजाबाकी तीच. नातीची रीत निराळी. ती पांच दशकांपैकीं एक मोडून त्याचे दहा सुटे करते. तिच्या रीतींत कोणाचें वय वाढत नाहीं. नोट मोडून सुटे घ्यावे तितकाच तो व्यवहार आहे. दोन्ही रीती निर्दोष आहेत. फरक इतकाच कीं, तिच्या रीतीचें कारण तिला हातांतल्या काड्यांच्या जुड्या सोडून दाखवितां येत होतें, आणि आमच्या रीतीचें कारण आम्हांस सत्तरी ओलांडल्यावर कळलें.

या निमित्तानें आम्ही थोडी मागचीं पानें चाळलीं. आपली रीत तीच खरी आणि मुलाची रीत म्हणजे नवें खूळ, असें म्हणणारे आम्हीच पहिले आहोंत कीं काय, हें पाहावयाचें होतें.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. शाळेंत गणित म्हणजे एकच ठरीव वाट, अशी आपली समजूत असते. पण या ग्रंथांत गुणाकाराचें प्रकरण पाहिलें तर ती फार वेळ टिकत नाहीं. एकशें पस्तिसांस बारांनीं गुणावयाचें आहे. आचार्य सांगतात, सबंध बारानें गुणा. किंवा बाराचे आठ आणि चार असे तुकडे करा, दोघांनीं वेगवेगळें गुणून बेरीज घ्या, म्हणजे १०८० आणि ५४० मिळून १६२०. किंवा आधीं तिनानें आणि मग चारानें गुणा. किंवा बारांत आठ मिळवून सोईचे वीस करा, विसांनीं गुणा, आणि आठपटीचा जो जास्त भाग आला तो वजा करा. विद्यार्थ्यानें यांपैकीं एकच धरावी असा आग्रह तेथें दिसत नाहीं. आजच्या पुस्तकांत बाराचे 'दहा आणि दोन' असे तुकडे पाडावयास सांगितले कीं पुष्कळ बाप कपाळाला हात लावतात. त्यांनीं हें प्रकरण एकदां उघडून पाहावें. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं १५४५ सालीं लीलावतीवर बुद्धिविलासिनी नांवाची टीका लिहिली. तींत चौकटी आंखून, प्रत्येक चौकटींत कर्ण मारून, तिरप्या ओळींनीं बेरीज घेण्याची कपाटसंधि रीत आहे. तीच रीत चार शतकांनंतर अमेरिकेंतील कांहीं नव्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि तेथील आईबापांना ती विलक्षण चमत्कारिक वाटली!

आतां पंतोजींच्या शाळेकडे वळूं. तिची निंदा करणें सोपें आहे आणि तिचे गोडवे गाणेंहि सोपें आहे. म्हणून दोन्ही फार झालीं आहेत. धूळपाटीवर अक्षर आणि अंक घोटावयाचे, तिसापर्यंत पाढे म्हणावयाचे, आणि त्यानंतर खरी परीक्षा: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. पावपट, अर्धपट, पाऊणपट, अशी साडेतीनपटीपर्यंत चढत जाणारी ही अपूर्णांकांची शिडी होती. संध्याकाळीं दिवा लागला कीं घरोघर परवचा सुरू होई, आणि मुलानें औटकी कोठें अडखळून म्हटली हें माजघरांत बसलेल्या आजीलाहि कळे. बापानें मुलाच्या गणितावर देखरेख करावी यांत तेव्हां कांहींच अवघड नव्हतें. कारण बापानें जें पाठ केलें होतें तेंच मुलगा पाठ करीत होता, आणि आजोबांनींहि तेंच केलें होतें.

पण हे विचित्र पाढे आले कोठून? साडेतिनाचा पाढा पाठ करावा असें कोणास कां वाटलें? याचें उत्तर बाजारांत सांपडतें. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पै बारा; मणाचे शेर चाळीस, शेराचे पाव चार. या कोष्टकांवर ज्याला रोज हिशेब करावयाचा, त्याला दशांशाचा उपयोग नाहीं. त्याला पाव, अर्धा, पाऊण यांचाच उपयोग. चाळिसांस सोळांनीं भागलें कीं अडीच येतात. म्हणून वाण्याच्या दुकानांतला पोऱ्यासुद्धां एक सूत्र जाणून असे: मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. ज्वारी मणाला पांच रुपये असेल तर अडीच शेर पांच आण्यांस, आणि साडेसात शेर पंधरा आण्यांस. कागदाला पेन्सिल लावण्याचें कारण नाहीं. त्याचप्रमाणें डझनाला जितके आणे, एका नगाला तितक्याच पै. अडीचकी ही अशी पेठेंत घडली आणि तेथून पाटीवर आली. हें एकदां ध्यानांत घेतलें म्हणजे त्या जुन्या घोकंपट्टीकडे आपण अधिक आदरानें पाहतों. आणि तिचा काळ संपला तेव्हां ती कां संपली, हेंहि निमूटपणें कबूल करतों.

तिचा दोषहि तेथेंच होता. कोष्टक ओळखीचें असेतोंपर्यंत मुलाची जीभ तलवारीसारखी चाले. ओळखीबाहेरचा प्रश्न आला कीं थबके. कां, हा प्रश्न विचारण्याची त्या शाळेंत सोय नव्हती. छडी मात्र होती.

इंग्रजी अंमलांत छापील पुस्तक आलें. मुंबईस १८२२ सालीं शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली, आणि कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें इंग्रजी गणितग्रंथ मराठींत उतरविले. पुढें केरो लक्ष्मण छत्रे यांचें अंकगणित आलें, आणि त्यावर पिढ्या तयार झाल्या. पण सरकारी मराठी शाळांनाहि तोंडचे हिशेब आणि मोडी वाचन पुष्कळ वर्षें सोडतां आलें नाहीं. पोटाला लागणारी विद्या आईबापांना शाळेकडून हवी असते, आणि तें मागण्यांत ते चुकत होते असें आम्हांस वाटत नाहीं. रीतीहि हळूहळू बदलल्या. त्रैराशिकांत तीन पदें ओळीनें मांडावयाचीं, मधल्याला शेवटच्यानें गुणावयाचें, पहिल्यानें भागावयाचें. कां, तें विचारावयाचें नाहीं. त्या जागीं एकमान पद्धत आली: आधीं एकाची किंमत काढा, मग हव्या तितक्यांची. आज कोणाहि प्रौढ माणसाला एकमान पद्धत इतकी स्वाभाविक वाटते कीं तीहि एके काळीं नवी होती हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. जुन्या हिशेबनिसाला मात्र ती लांबण वाटली असेल, यांत शंका नाहीं. एका ओळीच्या जागीं तीन ओळी!

यानंतरचा बदल आम्हीं स्वतः सोसलेला आहे. ता. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आम्ही तेव्हां चौथींत होतों, आणि वडिलांनीं रोज संध्याकाळीं समोर बसवून सवायकीपर्यंतची मजल आमच्याकडून नुकतीच पुरी करून घेतली होती. कांहीं वर्षें दोन्हीं नाणीं एकत्र चाललीं. त्या वेळचें रूपांतराचें कोष्टक आठवलें कीं अजूनहि हसूं येतें. एका आण्याचे सहा नये पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे आणा आणा करून चार वेळां सामान घेतलें तर चोवीस पैसे, आणि एकदम पावलीचें घेतलें तर पंचवीस! आमची आई, जी शाळेंत दोनच इयत्ता शिकली होती, तिनें ही फट पहिल्याच आठवड्यांत ओळखली आणि कोथिंबीर, मिरच्या, आलें, लिंबें यांसाठीं आम्हांला चार खेपा घालावयास लावल्या. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलोग्रॅम आणि मीटर आले. मण आणि शेर गेले. मण गेला तशी अडीचकी गेली, आणा गेला तशी औटकी गेली. १९६४ सालीं पैशामागचें 'नया' हें विशेषणहि गळून पडलें.

वडिलांना हें फार लागलें. पैशांचें त्यांना कांहीं वाटलें नाहीं. हिशेबाच्या वहींत ते महिन्याभरांत सरावले. लागलें तें निराळेंच. संध्याकाळीं दिव्यापाशीं मुलाला पुढ्यांत घेऊन बसण्याचा जो एक तास होता, त्यांत आतां त्यांना सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. "तुमच्या पुस्तकांत काय आहे तें तुमचें तुम्ही पाहा," असें ते एकदां म्हणाले आणि उठून गेले. शिक्षणाच्या इतिहासांत पाठ्यपुस्तकें येतात, समित्या येतात, कायदे येतात. हा उठून गेलेला बाप येत नाहीं. रीत बदलते तेव्हां खरें नुकसान कोठें होतें तें पाहावयाचें असेल, तर त्याच्याकडेच पाहिलें पाहिजे. मुलें नवी रीत शिकतातच. बाप मात्र मुलाच्या अभ्यासापासून सुटा होतो, आणि पुष्कळदां तो मग एक तर शाळेची चेष्टा करूं लागतो किंवा सर्व भार शिकवणीच्या मास्तरांवर टाकून मोकळा होतो.

याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला. ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला, आणि आपलीं मुलें विज्ञानांत मागें पडलीं या धास्तीनें तेथें गणिताचा अभ्यासक्रम ढवळून काढण्याच्या कामाला जोर चढला. १९५८ सालीं एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखालीं एक मोठें अभ्यासमंडळ निघालें. संच, दहाखेरीज इतर पायांच्या संख्या, गणिती नियमांचीं नांवें, हें सर्व लहान वर्गांपर्यंत उतरलें, आणि 'न्यू मॅथ' हा शब्द घरोघर झाला. आईबापांची तारांबळ उडाली. त्यांच्यासाठीं स्वतंत्र पुस्तकें निघालीं आणि रात्रीचे वर्गहि भरले. टॉम लेहरर हा स्वतः गणित शिकविणारा गृहस्थ. त्यानें १९६५ च्या सुमारास या प्रकारावर एक विनोदी गाणें केलें. त्यांत तो ३४२ मधून १७३ वजा करतो, दशक मोडून, म्हणजे आमच्या नातीच्याच रीतीनें. आणि उत्तर १६९ आल्यावर तेंच गणित आठाच्या पायावर करून १४७ काढतो. लोक पोट धरून हसले. ज्या पिढीनें 'हातचा' ऐकला होता तिला दशक मोडणें हेंच मुळीं हास्यास्पद वाटत होतें. १९७३ सालीं मॉरिस क्लाइन या गणितज्ञानें, नव्या गणितानें मुलांना साधी बेरीज येईनाशी झाली, अशा आशयाचें टीकेचें पुस्तक लिहिलें, आणि त्या दशकांत ती लाट ओसरली. आमच्याकडे संच आले ते जवळजवळ याच वेळीं, १९७० नंतरच्या दशकांत. आमच्या मुलाच्या पुस्तकांत ते महिरपी कंस पाहून आम्हींहि पुस्तक मिटून ठेवलें होतें. वडिलांची आठवण त्या वेळीं झाली नाहीं. व्हावयास हवी होती.

त्या चळवळींत चूक काय झाली, यावर मतें अनेक आहेत. आम्हांस वाटतें तें असें कीं, तिनें मुलाला कारण द्यावें ही गोष्ट योग्यच होती; पण तें मुलाच्या वयाचें नव्हतें, शिक्षकांना पुरतें पटवून दिलेलें नव्हतें, आणि घराला तर त्याचा पत्ताच नव्हता.

मात्र खुद्द वजाबाकीची गोष्ट या लाटेहून जुनी आहे. ड्यूक विद्यापीठाचे विल्यम ब्राउनेल यांनीं मोझर यांच्यासह १९४९ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिसरींतल्या मुलांचे चार गट केले. दोघांना दशक मोडण्याची रीत शिकविली, एकास कारणासह व दुसऱ्यास नुसती. उरलेल्या दोघांना दोन्हीकडे दहा मिळविण्याची, म्हणजे आमची रीत, तशीच एकास कारणासह व दुसऱ्यास नुसती. दशक मोडण्याची रीत कारणासह शिकलेलीं मुलें पुढें सरस ठरलीं, विशेषतः न शिकविलेलीं उदाहरणें पुढें टाकलीं तेव्हां. पण नुसत्या घोकंपट्टीनेंच शिकवावयाचें असेल तर आमची रीत बिलकुल मागें नव्हती. तिचें कारण लहान मुलाला समजावून देणें मात्र जड गेलें. म्हणजे आमच्या पिढीला जी रीत मिळाली ती घोकण्याच्या शाळेला योग्य होती, आणि नातीला जी मिळाली ती समजावून देण्याच्या शाळेला योग्य आहे. या निकालानंतर आमचा अभिमान थोडा उतरला हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

त्याच २०१९ सालच्या जून महिन्यांत एक दुसरेंच वादळ उठलें. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत संख्यावाचनासाठीं 'वीस एक', 'वीस दोन' अशी मांडणी आली. वर्तमानपत्रें पेटलीं, विधिमंडळांत आडनांवांवर कोट्या झाल्या, आणि मराठी भाषा बुडाली असें सांगणारे शहाणे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहिले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांचें म्हणणें समजून घेण्याइतका वेळ फार थोड्यांना मिळाला. मराठींत सुटे आधीं बोलतात आणि दशक मागून. लिहितांना मात्र दशक आधीं. पंचवीस म्हटलें कीं मुलाच्या कानावर पांच आधीं पडतो, आणि तें ५२ लिहून बसतें. त्यांत त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर यांसारखीं जोडाक्षरें. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण लिहावयाचा दोन आणि नऊ. कानडी, तेलुगु, तामिळ या भाषांत दशक आधीं येतो. म्हणून सुरवातीस मुलाला एक सोपी पायरी द्यावी, जुनीं नांवें सोबत राहूं द्यावीं, एवढाच तो बेत होता.

नॉर्वे देशांत हाच प्रश्न १९५१ सालीं सरकारनें हातीं घेतला होता. तेथेंहि लोक 'एक आणि वीस' असें म्हणत. टेलिफोनचे आंकडे सांगतांना घोटाळे होत, म्हणून दशक आधीं म्हणावा असें ठरलें. शाळांत नवी रीत आली. पण बोलण्यांतून जुनी सबंध गेली नाहीं, आणि पाऊणशें वर्षें उलटत आलीं तरी दोन्ही तेथें नांदत आहेत. भाषा इतकी नाजूक नसते. आमचें मत विचाराल तर, पंचवीस हा शब्द मुलाला बाजारांत, एस. टी. च्या तिकिटावर, आजीच्या तोंडून ऐकावाच लागणार. त्यामुळें तो टाळतां येणार नाहीं आणि टाळूंहि नये. पण 'वीस पांच' म्हणून एखाद्या मुलाला २५ नीट लिहितां येत असेल, तर त्या पायरीवर पाय ठेवण्यास त्याला मनाई करणारे आपण कोण? त्या वादांत आम्हांस खरी उणीव दिसली ती निराळीच. पुस्तक मुलाच्या दप्तरांतून घरीं आलें. त्यामागचा विचार मात्र वर्तमानपत्रांतल्या थट्टेंतून आला. दोन पानें पालकांसाठीं छापलीं असतीं तर निम्मी धूळ उडाली नसती.

आतां त्या तांबड्या फुलीकडे. चार दिवस थांबून आम्ही शाळेंत गेलों. बाई तरुण होत्या, वर्गांत पन्नासांवर मुलें होतीं, आणि आमच्यासारखे आजोबा त्यांनीं पूर्वींहि पाहिलेले दिसले. बरोबर उत्तरावर फुली कां, असें आम्हीं शक्य तितक्या सौम्यपणें विचारलें. त्या म्हणाल्या, "आजोबा, उत्तर बरोबर होतें. पण मीं तिला विचारलें, हा हातचा एक कोठून आला? ती म्हणाली, आजोबांकडून." यावर आम्हांस बोलण्यास जागा राहिली नाहीं. तरी फुलीऐवजीं एक प्रश्नचिन्ह घातलें असतें तर मुलीचे डोळे भरले नसते, इतकें आम्हीं सुचविलें, आणि तें त्यांनीं मानलें. त्यांची मागणी एवढीच होती कीं, शाळेची रीत मुलाच्या हातीं बसेपर्यंत घरच्यांनीं दुसरी पुढें करूं नये. बसली कीं खुशाल सांगावी. आम्हांस ती वाजवी वाटली.

तेव्हांपासून संध्याकाळचा अर्धा तास आम्ही नातीसमोर बसूं लागलों, पण निराळ्या रीतीनें. सांगण्याचें काम तिचें आणि विचारण्याचें आमचें. "हा चार कोठून आला? येथें बारा कसे झाले?" पहिले दोन दिवस ती कंटाळली, मग आजोबांना येत नाहीं हें पाहून तिला चेव आला, आणि ती काड्यांच्या जुड्या घेऊन आम्हांला शिकवूं लागली. एके ठिकाणीं ती स्वतःच अडली. एकशें तीन वजा अठ्ठेचाळीस: मधल्या शून्याच्या घरांतून दशक आणावयाचा कसा? आम्हांस उत्तर ठाऊक होतें. जीभ आवरणें हेंच काय तें अवघड होतें. तिनें शंभराची मोठी जुडी सोडली, दहा दशक मांडले, त्यांतला एक मोडला, आणि पंचावन्न काढले. पडताळा म्हणून अठ्ठेचाळिसांत पंचावन्न मिळवून पाहण्याची गोष्ट मात्र आमची. तेवढें जुनें सामान आम्हीं तिच्या दप्तरांत हळूच सरकवून दिलें, आणि बाईंनीं त्याला हरकत घेतली नाहीं. बेताबाताचा अंदाज हेंहि आमचेंच: पन्नासांतून तीस गेले तर वीस राहतात, तेव्हां उत्तर विसाच्या आसपास यावयास हवें, पंच्याहत्तर आलें तर कोठें तरी घसरलों. पाढेहि आम्ही सोडले नाहींत. विसापर्यंत ती म्हणते, कधीं रागानें, कधीं ताल धरून. पावकीचा मोह एकदां झाला होता; तो आवरला.

वर्ष संपतां संपतां एक दिवस तेंच बावन्न वजा सत्तावीस पुन्हा समोर आलें. आम्ही पांचाच्या डोक्यावरच्या रेघेची वाट पाहात होतों. तिनें पेन्सिल उचललीच नाहीं. बोटांवर म्हणाली, "सत्तावीस... तीन तीस. मग वीस, पन्नास. मग दोन. तीन, वीस आणि दोन, पंचवीस." ही रीत ना आमची, ना बाईंची. पुस्तक उलटसुलट पाहिलें. तेथेंहि त्या पानापर्यंत ती दिसली नाहीं. कोणीं शिकविली म्हणून विचारलें, तर ती म्हणाली, "कोपऱ्यावरचे वाणीकाका मोड परत देतांना असेंच मोजतात कीं."

ती तिसरी रीत वहींत लिहावी कीं नाहीं, हें ठरविण्याचें आम्हीं बाईंवर सोंपविलें.